मामी नाटकाला आल्या तो रविवार

पुराचं पाणी ओसरून चार दिवस झाले होते. शनिवारी सकाळीच आम्ही बीडहून निघालो; मी, आमचे हे आणि नववीतली लेक. नांदूरघाटच्या अलीकडे नदीकाठच्या एका वस्तीवर ह्यांच्या मामी एकट्या राहायच्या. तिथं घराघरातला गाळ काढायला माणसं जमणार होती, त्यांत आम्हीही नाव दिलं होतं. रविवारी दुपारी मात्र बीडला नाटक होतं. लेकीनं तिकिटं आधीच काढायला लावली होती. अशा वेळी नाटकाला जायचं का, यावरून गाडीत आम्हा नवराबायकोचं वाजलंच.

मामींच्या घरात गुडघाभर चिखल. कुजलेल्या सोयाबीनचा वास घशात बसत होता. आम्ही घमेली भरून हातोहात बाहेर देत होतो. मागच्या खोलीची मातीची भिंत फुगून पुढं आली होती. "तिकडं कुनी जायचं न्हाई," असं सोबतच्या गवंड्यानं दोनदा बजावलं होतं.

दुपारी भाकरी खायला सगळे अंगणात बसलो, तेव्हा लेक दिसेना.

ती मागच्या खोलीतच होती. खुंटीवरचा मामांचा फोटो काढत होती. मी दारातून ओरडले. वरून मातीचे गोळे सुटायला लागले होते. हे मला बाजूला सारून आत शिरले, तिचा दंड धरून तिला फरफटत बाहेर आणलं, आणि भिंत बसली. धुरळा नाही, मोठा आवाज नाही. ओली भिंत नुसती खाली आली.

मी लेकीच्या थोबाडीत मारली. त्याआधी कधी हात उचलला नव्हता.

"तिला कावून मारतीस?" मामी मध्ये आल्या. "फोटो आत राहिला म्हनून मीच बोलले तिच्यापाशी."

संध्याकाळी मामींना आम्ही बीडला घेऊन आलो. रात्रभर लेक माझ्याशी बोलली नाही. सकाळी म्हणाली, "मला नाही जायचं नाटकाला." तेव्हा मामीच म्हणाल्या, "चला की. मी पन येते. घरात बसून तरी काय करू?"

खिडकीवर एक जास्तीचं तिकीट मिळालं. पहिला अंक मामींनी पदर तोंडाशी धरून, मन लावून बघितला. मला जरा हायसं वाटलं. दुसऱ्या अंकात वादळाचा प्रवेश होता. एकदम अंधार झाला आणि चारी बाजूंनी पावसाचा आवाज सुरू झाला. मामींनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मी काही बोलायच्या आत त्या उभ्या राहिल्या.

"पानी आलं! उठा, लेकरं उचला!"

सगळं नाट्यगृह वळून बघायला लागलं. मागून कोणीतरी हसलं. "बसा ओ आजी!" रंगमंचावरची नटी वाक्य अर्धं सोडून थांबली. लेक मात्र उठली, मामींच्या कमरेला हात घालून म्हणाली, "आजी, खोटं पाणी हाय. मी हाय ना." आणि त्यांना हळूहळू बाहेर घेऊन गेली.

आम्ही मागोमाग गेलो. लेकीनं मामींना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. पुराच्या दिवशी शेजाऱ्यांनी तुम्हाला वेळेत बाहेर काढलं ना, असं ह्यांनी विचारलं; आम्ही तसंच धरून चाललो होतो.

"न्हाई रे," त्या ह्यांना म्हणाल्या. "उजाडल्यापासून पानी उतरेस्तोवर बाजेवर उभी होते, आढ्याला धरून. लई हाका मारल्या. कुनालाच ऐकू गेल्या न्हाईत."

ह्यांनी तोंड फिरवलं. ह्यांना रडताना लेकीनं पहिल्यांदा पाहिलं. तिनं माझा हात धरला, आणि कालचं मारणं चुकलंच माझं, हे मी तिला तिथंच सांगितलं.

शेवटचा प्रवेश आम्ही दाराशी उभं राहून पाहिला, मामींचाच हट्ट. त्या संक्रांतीपर्यंत आमच्याकडे राहिल्या. मग वस्तीच्या वरच्या अंगाला विटांची एक खोली उभी राहिली, तिथं गेल्या. आभाळ भरून आलं की हे आता आधी फोन लावतात, आणि मामी उचलेपर्यंत घरात कोणी बोलत नाही.