पाचवी न पुजलेली खोली

"पाटा कुठाय गं?"

मालकीण दारातून आत आली आणि पहिलं हेच विचारलं. मी बाजेवर पडलेली, पोरगी अंगाशी. मालकिणीच्या एका हातात पितळी वाटी, वाटीत डिंकाचा लाडू. दुसऱ्या हातात दिवा. माझ्या पोरीची पाचवी पुजायला आली होती बाई.

चाळीत तशी रीतच होती. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी संध्याकाळी पाट्यावर वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, जवळ कोरा कागद ठेवायचा. सटवाई येते आणि मुलाचं नशीब लिहून जाते म्हणे. माझ्या खोलीत पाटा भिंतीला टेकून उभा. ना कुंकू, ना कागद.

"दिवस मावळला की. पूजा न्हाई मांडली आजून?"

सासू चुलीपाशी बसली होती. मांडते, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. पण ती म्हणाली, "आमच्यात नसतंय ते."

बस्स. तिथंच सगळं संपलं.

सासूचा राग नाही मला. बीडकडं आमच्या गावात सासऱ्यांनी एके दिवशी घरातले सगळे देव टोपल्यात भरले आणि नदीत सोडून आले. आम्ही बौद्ध झालो. त्या दिवसापासून सासूनं कुठल्या दगडाला हात जोडला नव्हता. नवऱ्याला इकडं कंपनीत काम लागलं, तेव्हा खोलीसाठी ती जातीबद्दल गप्प राहिली. चाळीतल्या बायांबरोबर पापड लाटले, त्यांच्या हळदीकुंकवाला गेली. पण स्वतःच्या नातीसमोर सटवाई मांडायला तिचा हात काही उठेना.

"तुमच्यात म्हंजी? कुनाच्यात?" मालकिणीनं विचारलं.

आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, आमच्यातही असतं. खोली घेताना मालकानं आडनाव विचारलं, नवऱ्यानं सांगितलं. पुढचं मालकानं विचारलं नाही, नवऱ्यानं सांगितलं नाही. आता मालकीण आधी माझ्याकडं बघत होती, मग सासूकडं, मग त्या उभ्या पाट्याकडं. सासूनं तोंड चुलीकडं वळवलं, आणि तिला कळलं.

फुंकर मारून तिनं दिवा विझवला. पदर आवळून घेतला. अहो, हीच बाई चार दिवसांपूर्वी माझ्या उशाशी बसली होती! माझ्या कपाळावरचा घाम पुसला होता. सुइणीनं नाळ कापली तेव्हा पोरगी पहिल्यांदा हिच्या हातात गेली. "नाक माझ्यावानी हाय गं हिचं," असं म्हणून हसली होती. खरंच माया होती तिला. ती एका वाक्यात कशी आटते, ते मी बाजेवरून बघितलं.

"ह्या हातानं न्हाऊ घातलं मी हिला," ती म्हणाली. "माझं समदं घर बाटवलं तुमी."

वाटी तिनं खाली टेकवली होती. सासूनं ती उचलून पुढं केली.

"ऱ्हाऊ दे ती तितंच. आमच्यात चालायची न्हाई आता."

सकाळी मालक आले. त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांची शेती कारखान्यांसाठी सरकारनं घेतली होती, त्या पैशावर त्यांनी चाळी बांधल्या. इथल्या गावातलं मोठं प्रस्थ. कुणाला कुठं खोली मिळणार, नळ कुणाच्या दारात येणार, सगळं त्यांच्या ओट्यावर ठरायचं. आबा चिडले नव्हते. ते चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "माजं काय न्हाई रं. पर गावाला त्वांड दाखवायचं हाय मला. शिफ्टला जायाच्या आत खोली मोकळी कर."

नवरा म्हणाला, "ओली बाळंतीण हाय, मालक. निदान बारसं होऊ द्या."

"बारसं दुसरीकडं कर की."

हातगाडी आणली. गाडीवर बाज, ट्रंक, भांडी आणि भांड्यांच्या मधोमध मी, पोरीला घेऊन. चाळीतली दारं अर्धी उघडी. ज्यांच्या पोरांना मी खेळवलं, त्या बाया दाराआडून बघत होत्या. गाडी हलली आणि मागं गोमूत्र शिंपडल्याचा वास आला. मला रडू नाही आलं. लाज वाटली. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं. त्या लाजेचीच मला पुढं जास्त चीड आली.

माझ्या पोरीचं नशीब सटवाईनं नाही लिहिलं. ते आबांच्या ओट्यावर लिहिलं गेलं.

नाल्याकाठी झोपडं घातलं. पत्रा, पोती, पावसात आत चिखल. आज ना उद्या खोली मिळेल म्हणून नवरा शिफ्ट सुटली की चिंचवड, आकुर्डी, सगळीकडं हिंडायचा. एक तर भाडं परवडायचं नाही, आणि परवडलं तर जात विचारायचे. कंपनीत आमच्या हातचं यंत्र चालतं, पण आमच्या पायांना त्यांचा उंबरा चालत नाही. निगडीला सरकारनं प्लॉट पाडले. नवरा चौकशी करून आला आणि न जेवता झोपला. एका हप्त्याला त्याचा सगळा पगार गेला असता. त्याच प्लॉटांवर मी घमेली वाहिली. लोकांच्या बंगल्यांच्या भिंतींवर पाणी मारलं.

पोरगी शाळेत जायला लागली, आणि नगरपालिकेची निवडणूक आली. आबा उभे राहिले.

आमच्या वस्तीत मतं होती. आबांच्या विरोधात जो उभा होता, त्याला आमची फार कणव होती असं नाही, पण त्यानं बरोबर जागा शोधली. वस्तीत भाषण करून गेला, "ह्या माणसानं बाळंतीण रस्त्यावर काढली." झालं. तिसऱ्या दिवशी आबा माझ्या दारात. मागं कार्यकर्ते. आबांनी हात जोडले. मला! पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "केवडी झाली गं. आमच्याच खोलीत जलमली की ही."

मी चहा विचारला. आबा म्हणाले, "आत्ताच घिऊन आलो."

मग मुद्द्यावर आले. वस्ती उठणार होती. त्याआधी मोजणी होणार, ज्याच्या दारावर नंबर पडेल त्याला दुसरीकडं पक्की जागा. नंबर कुणाच्या दारावर टाकायचा, ते त्यांच्या माणसांच्या हातात. "तुमचा नंबर पहिला," आबा म्हणाले. "फकस्त सभंत दोन शब्द बोला, ताई. आबांनी आमाला खोली दिली हुती, आमी आमच्या मर्जीनं सोडली. बास."

नवरा लगेच म्हणाला, "बोलंल की ती. बोलायला काय जातंय?"

आबा गेल्यावर नवरा माझ्यासमोर बसला. त्याचे डोळे भट्टीपुढं उभं राहून लाल झालेले. "एक डाव खोटं बोल," म्हणाला. "पोरीला छप्पर मिळंल." खरं होतं त्याचं. मी भाकरी थापत होते. मी हो म्हणाले.

खरं सांगते, सभेला निघाले तेव्हा मी ते दोन शब्द बोलणारच होते. घोकले होते. पण निघताना फळीवर ती वाटी दिसली. पितळी. इतकी वर्षं आमची पोरगी तिच्यात दूध पीत होती. मी ती पदराखाली घेतली. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

स्टेजवर मला बोलावलं. माइक पुढं केला. समोर आमची वस्ती बसलेली, कडेला गावातली माणसं उभी. आबा खुर्चीत, गळ्यात हार. मालकीणही होती, बायकांच्या रांगेत पुढंच. मी तोंड उघडलं आणि घोकलेलं काही येईना. मी वाटी बाहेर काढली.

"आबा, ही तुमच्या घरची वाटी. माझ्या पोरीच्या पाचवीला आली होती. माझ्या खोलीत राहिली म्हणून तुमच्यात चालेना. आम्हालाही तसंच काढलं. आज तुम्ही आम्हाला ताई म्हणता. मग ही घ्या. सगळ्यांसमोर हातात घ्या."

मी हात पुढं धरून उभी राहिले.

आबा उठले नाहीत. त्यांनी गावाच्या माणसांकडं बघितलं, मग आमच्या वस्तीकडं. हार चाचपला. मालकिणीनं मान खाली घातली. शेवटी एका कार्यकर्त्यानं माझ्या हातातून वाटी हिसकावली, टेबलाखाली टाकली आणि माइक बंद केला. टाळी नाही वाजली एकही. आमच्या माणसांतूनही नाही.

आबा निवडून आले. दणक्यात. वस्तीनंही त्यांनाच मतं दिली, नंबर पाहिजे होते ना! सगळ्या दारांवर गेरूनं नंबर पडले, आमचं दार तेवढं सोडलं. पुढं पोलीस घेऊन नगरपालिकेची गाडी आली आणि पत्रा काढून टाकला. शेजारणी ट्रंका आवरत होत्या, त्यांना जागा मिळणार होती. एक मला म्हणाली, "लई शानी निगालीस बाई." नवरा किती तरी दिवस माझ्याशी बोलला नाही. अजूनही बोलतो तो कामापुरतंच. त्याचं काय चुकलं? त्याला घर पाहिजे होतं. मलाही पाहिजे होतं.

आता आम्ही आणखी पलीकडं, दुसऱ्या नाल्याकाठी आहोत. तेच पोतं, तोच चिखल. खोली मिळेल असं मला वाटत नाही. वय गेलं, भाडी वाढली, आणि आबांसारखेच आता सगळीकडं निवडून येतात.

पण गप्प राहून मी कुणाच्या घरात शिरणार नाही. कुणाच्या मेहरबानीवर माझी पोरगी जन्मली असं कुणाला म्हणू देणार नाही. दारात उभी राहते आणि भाडं विचारायच्या आधी सांगते, "आम्ही बौद्ध. आमच्यात सटवाई पुजत नाहीत. खोली आहे का?" बहुतेक जण म्हणतात, आत्ताच दिली.

परवा काळेवाडीत गेलो होतो. एका बाईनं दार उघडलं. मी बोलायच्या आधी पोरगी पुढं झाली आणि तिनंच सगळं सांगितलं, मोठ्यानं, त्या बाईच्या डोळ्यांत बघून. बाईनं दार लावून घेतलं.

पोरीनं माझा हात सोडला आणि पुढचं दार वाजवलं.