पान बेचाळीसच्या शिव्या

लोणीच्या सावळेराम वाळुंजांनी तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आणि निवृत्त झाल्यावर गोष्टींचं एक पुस्तक लिहिलं. गावानं प्रकाशनाला जिलेबी खाल्ली, पुस्तक मात्र कोणी वाचलं नाही. घरी बायको अंजनाबाईंनीही नाही. "दिसभर तुमालाच ऐकते, आता वाचू कशाला?" हे त्यांचं म्हणणं.

असं हे पुस्तक स्लोव्हेनियात जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुण्यातली एक संस्था आणि तिकडची एक संस्था मिळून खेड्यापाड्यांतल्या लेखकांची पुस्तकं एकमेकांच्या भाषेत आणत होत्या, त्यात सावळेरामांचा नंबर लागला. हा देश नेमका कुठं आला, हे पारावर कुणाला सांगता येईना.

भाषांतर करणारी व्हेस्ना पुण्यात राहून मराठी शिकली होती. तिचं मराठी इतकं शुद्ध, की सावळेराम व्हिडिओ कॉलला इस्त्रीचा सदरा घालून बसत. तिच्या शंका मात्र अवघड असत.

"काका, 'हो-नाही करत तो गेला' म्हणजे गेला की नाही?"

"गेला, पण मनात नव्हतं."

एके सकाळी तिनं विचारलं, "पान बेचाळीस. 'सोनीबाईनं म्हशीला ठेवणीतल्या शिव्या हासडल्या.' कोणत्या?"

सावळेरामांना घाम फुटला. "अशाच, आपल्या नेहमीच्या."

"मला त्यांचा जोर कळला पाहिजे. आमच्या शिव्या फार सौम्य. कडक हव्या असल्या की आम्ही शेजारच्या भाषांतून आणतो."

भरल्या गाडीत सावळेरामांनी काय काय ऐकलं नव्हतं, पण लेकीच्या वयाच्या मुलीपुढं तोंड उघडेना. रेंज नाही म्हणून फोन ठेवावा, असा त्यांचा बेत चालला होता. तेवढ्यात मेथी निवडणाऱ्या अंजनाबाईंनी फोन ओढून घेतला.

"पोरी, लिहून घे. ही मायेची, लेकराला देत्यात. ही म्हशीला. आन ही एकदा दिली, की बोलणंचालणं बंद."

वीस मिनिटं हे चाललं. सावळेराम अंगणात जाऊन कोणी ऐकतंय का ते बघायला लागले, तर शेजारचे धर्माजी कुंपणाला टेकून निवांत उभे. "चालू द्या राव," ते म्हणाले, "एक-दोन मलाबी नवीन हायेत."

आता अंजनाबाईंना पुस्तकाविषयी कुतूहल वाटलं. तीन दिवसांत त्यांनी ते वाचून काढलं आणि चौथ्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अवो, ह्यातलं निम्मं बोलणं माझं हाय. त्या सोनीबाईचं तर समदंच."

"अगं, लेखकाचं निरीक्षण असतं ते."

"निरीक्षण न्हाई. ह्याला उतरवून घेणं म्हणत्यात."

सावळेरामांनी दिवसभर पुस्तक चाळलं. आपण रचली म्हणून मिरवलेली वाक्यं आता त्यांना बायकोच्या आवाजात ऐकू यायला लागली. जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनीच व्हेस्नाला सगळं सांगितलं आणि पुस्तकावर अंजनाबाईंचंही नाव घालायला सुचवलं. पण संस्थांच्या अर्जात लेखकासाठी एकच रकाना होता, त्यामुळे दोन्ही देशांच्या संस्थांना ऑनलाइन बैठक घ्यावी लागली. तासाभरानं ठरलं, की आतल्या पानावर 'बोली : अंजना वाळुंज' असं छापायचं.

पुस्तक निघालं तेव्हा व्हेस्ना पुण्याला आली. कार्यक्रमात तिनं पान बेचाळीस शिव्यांसकट स्लोव्हेनियनमध्ये वाचलं आणि अंजनाबाईंनी मराठीत. मूळ मराठी पानावर शिव्या नव्हत्याच. त्या अंजनाबाईंनी स्वतःहून घातल्या. संस्थेचे अध्यक्ष छताकडं बघत राहिले, मागच्या रांगा पोट धरून हसल्या आणि सावळेराम, कुणाला दिसू नये असं, डोळे पुसत होते.

बातमी लोणीत पोचली तशी पुस्तकाला मागणी आली. धर्माजींनी पहिल्यांदा बेचाळिसावं पान उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यात शिव्या कुठंयत?"

"त्या तिकडच्या पुस्तकात हायेत," सावळेराम म्हणाले.

"मग ते मागवा," धर्माजी म्हणाले, "वाचून दावायला वहिनी हायेतच."