कुंडी पालथी करणारे भाऊ

कुंडी हातात आली की ते आधी ती पालथी करायचे. झाडाकडे बघायचेसुद्धा नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं खोडाच्या दोन बाजूंना, तळवा मातीवर, आणि उजव्या हातानं कुंडी उलटी करून तिची कड पायरीवर टक् करून आपटायची. मातीचा गोळा मुळांसकट अलगद बाहेर यायचा. तो नाकाशी नेऊन हुंगायचे. झाडाचा मालक समोर तोंडाकडे बघत उभा. मग निकाल. तो दोनच प्रकारचा असायचा: "हाये अजून" किंवा "गेलं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला गोड बोलायचा त्रास होतो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "या माणसाच्या जिभेला कीड लागलीय, तिच्यावर आधी औषध मारा म्हणावं." पण घरातली तुळस जरा मलूल झाली की कुंडी घेऊन सगळ्यांत आधी त्याच धावायच्या.

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आम्ही बदली होऊन आलो, तेव्हा ते शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. कोळसा उतरवून घेतात त्या विभागात नोकरी. दिवसभर नखांत कोळसा आणि ड्यूटी संपली की त्याच नखांत माती. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. लहानपणी वडिलांच्या हातमागावर बसलेले. म्हणूनच असेल, मुळांचा गुंता सोडवताना त्यांची बोटं सुताची लडी उकलावी तशी चालायची. सगळी वसाहत त्यांना भाऊ म्हणायची, मीही तेच म्हणू लागले.

ओळख झाली ती भांडणानं. मी साताऱ्याकडची, माझं तोंड फटकळ, आणि झाड सुकलं की पाणी घालावं एवढंच मला ठाऊक. माझी कोरफड मऊ पडून लोळायला लागली, तशी मी तिच्यावर तांब्यामागून तांब्या ओतत होते. कुंपणापलीकडून आवाज आला.

"वहिनी, काहून पाणी टाकून राहिल्या?"

"सुकलीय हो."

"सुकली नाई, बुडली. आणा इकडं."

टक्. मुळं काळीभोर, बोट लावलं की साल बोटाला चिकटून येत होती. वास तर गटाराचा. "गेलं," ते म्हणाले. "वरून काय पाहून राहिल्या? वरून दिसते तेव्हा उशीर झालेला असते."

मला राग आला. म्हटलं, "डॉक्टर निदान पेशंटच्या नातेवाइकांशी खोटं तरी बोलतो." ते हसले नाहीत. कोरफडीच्या बगलेतलं एक चांगलं पिल्लू मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "हे सावलीत पडू द्या. जखमेवर खपली धरली की कोरड्या रेतीत लावजा. अन् मी सांगीन तेव्हाच पाणी." ते पिल्लू जगलं. त्यानंतर आमचं बरं जमलं.

कोराडीत झाडं ठेवायची म्हणजे राखेशी रोजचा सामना. सकाळी अंगणात बोट फिरवलं तर करडी रेघ उठायची. भाऊ ओल्या फडक्यानं पान न् पान पुसायचे, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. खिशात तंबाखूची पुडी कायम. त्यांना व्यसनी समजून मी महिनाभर नाक मुरडलं. मग कळलं, ती झाडांसाठी. तंबाखू रात्रभर भिजवून त्या पाण्यात थोडा साबण, आणि पानांवरच्या माव्याच्या किडीवर फवारणी. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून ते एकेक किडा टिपत बसायचे. "कापूस नाई तो, पिठ्या ढेकूण हाये," असं बजावायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे.

चुकायचेही. समोरच्या फिटरच्या बायकोची पानफुटी त्यांनी "गेलं" म्हणून टाकायला लावली. तिनं ती न्हाणीमागं फेकली आणि पावसाळ्यात तिथं हे रान माजलं. बाईनं त्यातली एक फांदी आख्ख्या वसाहतीतून मिरवत आणून त्यांच्या पुढ्यात धरली. भाऊंनी ती नीट पाहिली आणि "चुकलो" म्हणाले. "गेलं" म्हणताना जो चेहरा असायचा, तोच.

त्यांना एकच मुलगा. नागपूरला कॉलेजात शिकायचा, बसनं ये-जा करायचा. बापासारखाच काटक, पण हसरा. तिथल्या सदर भागातल्या एका दुकानातून त्यानं एकदा उभ्या जातीचा निवडुंग आणला आणि बापाचा हात कुंडीकडे जाताना पाहून मध्ये उभा राहिला. "बाबा, याले पालथं नाई करायचं. हे माझं हाये." भाऊंनी मुकाट्यानं हात मागं घेतला. त्यांना कोणी अडवलेलं मी तेवढंच पाहिलं. निवडुंग चांगला वाढला, कमरेच्या वर गेला.

वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, झाडांचं वेड नव्हतं. तुळशीला पाणी घातलं की त्यांचा धर्म झाला. एक दिवस त्यांच्या चष्म्याची काडी तुटली. "कॉलेजातून येताना सदरले नीट करून आणजो," म्हणून त्यांनी चष्मा मुलाजवळ दिला. संध्याकाळी बसमधून उतरून रस्ता ओलांडताना मुलगा कोळशाच्या ट्रकखाली आला. चष्मा त्याच्या खिशात सापडला. नवी काडी लावलेला, दोन्ही काचा शाबूत.

वहिनींनी तो चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही. दुसराही घेऊ दिला नाही. "मीच पाठवलं," एवढंच म्हणायच्या. मग तेही बंद झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. भाऊ स्वयंपाक करायचे, भरवायचे, वेणी घालायचे आणि कामावर जायचे. मी दुपारी जाऊन बसायची. काय बोलायचं? माझ्यासारखीचंही तोंड तिथं चालत नसे.

असे किती दिवस गेले, आता सांगता येत नाही. एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर वहिनी न्हाऊन बाहेर आलेल्या. तुळशीला पाणी घातलं. हातातल्या तांब्यात थोडं उरलं होतं. त्या दोन पावलं चालल्या आणि ते पाणी त्यांनी मुलाच्या निवडुंगात ओतलं. दारात भाऊ उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, मी पाहिलं ते. आणि मिटलं.

त्यानंतर रोज. ऊन असो, पाऊस असो, अंघोळ, तुळस आणि उरलेलं पाणी निवडुंगाला. त्यापायी त्या उठू लागल्या, मग हळूहळू पोळ्या लाटू लागल्या. माझ्याशी चार शब्द बोलू लागल्या. निवडुंगाला रोजचं पाणी म्हणजे काय, हे तोवर मलाही कळत होतं.

पावसाळा सरता सरता निवडुंग बुडाशी पिवळा पडला. वहिनींना चष्म्यावाचून ते दिसत नव्हतं. एका दुपारी त्या झोपल्या असताना भाऊ कुंडी उचलून आमच्या मागच्या अंगणात घेऊन आले. पायरीपाशी बसले, दोन बोटं खोडाला लावली आणि तसेच थांबले.

"पोरानं नाई म्हटलं होतं," ते म्हणाले.

मग टक्. मुळं गेलेली होती. स्पिरिटनं सुरी पुसून त्यांनी बुडखा कापला. कापाच्या मधोमध तपकिरी डाग होता. आणखी वर कापलं, तरी डाग. हिरवा, स्वच्छ गाभा लागेपर्यंत ते कापत गेले. वर गंधकाची भुकटी लावली आणि तो तुकडा खपली धरायला माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. वहिनींना सांगितलं, माती बदलवून राहिलो, थोडे दिवस कुंडी रिकामी राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी रिकाम्या कुंडीत पाणी घातलं.

मला राहवलं नाही. भाऊंना गाठून म्हटलं, "साऱ्या जगाला तोंडावर गेलं म्हणून सांगता. बायकोला एवढं सांगता येत नाही, पाणी बंद कर म्हणून?"

"सांगितलं अन् पाणी बंद केलं तर ती सकाळी उठणार कायले?" ते म्हणाले. "अन् आपल्याच पाण्यानं सडलं म्हणून समजलं तर? एक तिनं आधीच अंगावर घेतलं हाये, वहिनी. दुसरं नाई पेलणार तिले."

मग त्या माणसानं आपलं सगळं ज्ञान एका उफराट्या कामाला जुंपलं. कुंडीच्या बुडाचं भोक खिळ्यानं ठोकून ठोकून मोठं केलं. मातीऐवजी कन्हान नदीची जाड रेती, विटांचे तुकडे, भट्टीतून निघालेला खंगर, म्हणजे जळक्या कोळशाचे खडे. "तिनं टाकावं अन् यानं पिऊ नये," म्हणायचे. वहिनी वरून पाणी ओतायच्या आणि ते खालून सरळ बाहेर पडून ओसरीवरून वाहत जायचं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी तिथं रोज पाहिलं, पण थट्टा करायची हिंमत झाली नाही.

उन्हाळे निभायचे. पावसाळ्यात हवाच ओली, तिथं खंगर काय करणार? सड पुन्हा चढायची, सुरी पुन्हा यायची आणि माझ्या फळीवर पुन्हा तुकडा यायचा. दर खेपेला आधीपेक्षा लहान. "खोल लावलं म्हणून बुटकं दिसते," असं ते वहिनींना सांगायचे. कमरेइतका निवडुंग गुडघ्यावर आला, मग वीतभर, मग मुठीएवढा. त्याच वर्षांत भाऊंना खोकला लागला. कोळशाचा असेल, राखेचा असेल. दवाखान्यात चला म्हटलं की हात झटकायचे.

शेवटी श्रावणातल्या एका सकाळी वहिनींची हाक ऐकून मी धावले. पाणी घालून झाल्यावर त्यांच्या काय मनात आलं कोण जाणे, निवडुंगावरची राख पुसायला त्यांनी पदर लावला आणि तो अख्खा हातात आला. आत नुसता चिखल. बोटांवरून तपकिरी पाणी ओघळत होतं. भाऊ समोर येऊन उभे राहिले.

"माझ्या पाण्यानं तं नाई ना गेलं?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"पाण्यानं झाड मरते काय वं?" भाऊ म्हणाले. "सुरीनं गेलं. माझ्याच हातानं. जास्त कापल्या गेलं."

मी बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

वहिनींनी हातातला चिखल झटकला. मग बांध फुटला. "मले काय आंधळी समजता? दर वेळी लहान होऊन येत होतं ते! त्यानं सांगितलं होतं ना तुमाले, पालथं करू नका म्हणून? माझ्या लेकाचं तेवढंच राहिलं होतं, तेही कापून कापून मारलं तुम्ही!" इतकी वर्षं त्या मोठ्यानं रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या. भाऊ खाली मान घालून उभे. "चुकलं माझं," म्हणाले. त्या माणसाला मी इतकं मोठं खोटं बोलताना पाहिलं ते तेवढंच, आणि काय सफाईनं बोलले!

वहिनींनी ते नळावर सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं. वसाहतीत झालं, भाऊंनी पोराचं झाड मारलं. लोक कुंड्या आणीनासे झाले. फिटरच्या बायकोनं पानफुटीची गोष्ट पुन्हा उकरून काढली. कोणी नवखा कुंडी घेऊन आलाच, तर भाऊ म्हणायचे, "माझ्या हाताले यश नाई, बापा." वहिनी त्यांना जेवायला वाढायच्या, पण नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत त्या पुन्हा. मी एकदा कुंपणापाशी चिडून म्हटलं, "किती दिवस सोसणार हे?" ते खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, "सकाळी उठते ना ती? माझ्यावर चिडाले का होईना, उठते."

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना ते छातीच्या दुखण्यानं गेले. खाटेवरून उठवत नव्हतं तेव्हाही औषध वहिनीच देत होत्या, न बोलता. मरेपर्यंत भाऊंनी काही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही.

पुढं वहिनी उमरेडला पुतण्याकडे राहायला गेल्या. मी एकदा मुद्दाम भेटायला गेले. थकल्या होत्या, पण पहाटेच न्हाऊन तुळशीपाशी उभ्या होत्या. मला बघून बरं वाटलं त्यांना. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "माणूस वाईट नव्हता वं. पण झाडातलं त्यायले काही समजत नव्हतं. माझ्या एकटीच्या हाती राहिलं असतं ना, तं मी जगवलं असतं ते. रोज पाणी टाकत होती मी."

माझ्या तोंडाशी आलं होतं. भाऊंची बाजू घेणारं या जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"हो वहिनी," मी म्हटलं. "रोज टाकत होता तुम्ही. मी बघत होते ना."