खारवलेले रॉड

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला सगळं येत होतं. एवढं सगळं येणारी बाई रेवदंड्यात मी दुसरी पाहिली नाही, आणि पाहायला मी आरशापलीकडे जातही नव्हते.

आमचे हे मुंबईच्या गोदीत वेल्डिंग करायचे. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. बाकीचं वर्ष मी सासूबाईंच्या ताब्यात. त्या साली पावसाळ्याच्या तोंडावर खाडीतल्या लाँचच्या मालकाने ह्यांना बोलावलं. सुकाणूचा लोखंडी आधार तुटला होता. तो जोडून दाखवलास तर लाँचवर कायमचा मिस्त्री म्हणून ठेवतो, असा शब्द दिला. म्हणजे नवरा रोज घरी. मी दोन देवांना नवस बोलले, एकाला दुसऱ्याचं न सांगता.

वेल्डिंगचं यंत्र शिडाच्या पडावातून आलं. रॉडचा पुडा ह्यांनी मुंबईहून उराशी धरून आणला. हातभर लोखंडी काड्या, वर मातीसारखा करडा लेप, एक टोक उघडं. विजेने काडी वितळते, तिचंच लोखंड सांध्यात भरतं आणि लेपाचा धूर त्या रसाला हवा लागू देत नाही, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा समजावलं. लेप ओला झाला की काडी वाया, एवढंच मला कळलं.

‘‘कोरडे ठेव गो,’’ म्हणाले आणि मालकाकडे गेले.

आमच्या घरी पावसाळ्यासाठी टिकवायचं ते मिठात जातं. बांगडा जातो, चिंच जाते, कैरी जाते. मी पुडा फोडला. मडक्यात मिठाचा थर, त्यावर रॉड, पुन्हा मीठ, अशी सुबक रचना केली. उघडी टोकं सगळी एका बाजूला. संध्याकाळी पाऊस धरला. पावसात मिठाला पाणी सुटतं हे मलाही माहीत होतं; फक्त माशांच्या बाबतीत.

सकाळी ह्यांनी मडक्यात हात घातला. लेप बोटांना आला.

‘‘मीठ लावलंस?’’

‘‘खराब होऊ नयेत म्हणून.’’

सासूबाई डोकावल्या. ‘‘हळद न्हाय लावलीस गो?’’

ह्यांनी रॉड चुलीवरच्या बांबूच्या तट्टीवर, बोंबलांच्या शेजारी वाळत घातले. चांगले खडखडीत झाल्यावर लाँचवर नेले. काडी टेकवली की तेलात ओला मासा सोडल्यासारखी तडतडायची. सांधा झाला तो आंबोळीसारखा जाळीदार. ह्यांनी हातोडीचा एक ठोका घातला आणि तो निघून हातात आला. रॉडला ओल लागली, असं ह्यांनी मालकाला सांगितलं. कशी, ते सांगितलं नाही. मालकाने एक काडी नाकाशी नेली.

‘‘बोंबील?’’ त्याने विचारलं.

नारळी पौर्णिमेपर्यंत जागा राखतो, पुढे नाही, असं मालक म्हणाला. हे धरमतरच्या वाटेने मुंबईला परतले. तो पावसाळा मी रडून काढला असं मी सगळ्यांना सांगायची. निम्मा काढला.

नारळी पौर्णिमेला हे नवा पुडा घेऊन आले, पत्र्याच्या डब्यात, झाकणाला कथलाचा डाग देऊन. डबा मालकाच्या घरी ठेवला. आमचा उंबरा त्या डब्याने पाहिलाच नाही. सांधा असा बसला की ठोके मारून मालकच दमला. हे मिस्त्री झाले.

मग नवरा सकाळी घरी, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी घरी. चूल कशी पेटवावी, भाकरी कधी उलटावी, हे वेल्डिंगवाल्याला फार कळतं. दिवाळीपर्यंत माझ्या मनात येऊ लागलं, की मुंबईच्या गोदीत चांगल्या माणसांची चणचण भासत असेल.