गोड्या पाण्याची तिसरी खेप

त्या उन्हाळ्यात मी देवापुढे बसणं सोडलं होतं. आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ पटकीने दोन दिवसांत गेला. तेव्हापासून हात जोडले की मनात नुसता राग दाटायचा. आई मात्र रोज पहाटे देवीला फूल वाहायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "तू नको बसूस. तुझं मी सांगते तिला." मला ते ऐकूनही राग यायचा.

कल्याण बंदरात एका लाकडाच्या व्यापाऱ्याची लहानशी आगबोट होती, तिच्यावर मी मिस्त्री होतो. यंत्र जुनं, खिळखिळं झालेलं. चार महिने खपून मी ते सगळं सुटं केलं आणि पुन्हा बांधलं. त्याचा मला फार अभिमान होता. पण बोट पाण्यात घातली आणि विचित्रच झालं. बंदरात ती झकास चालायची. तासभर खाडीत गेली की मात्र तिचा दम जायचा. वाफेचा काटा जागच्या जागी, भट्टी धगधगती, आणि बोट मात्र थकलेल्या बैलासारखी. मी बॉयलरमधली मळी काढली, नळ्या झाडल्या, बोटीखालच्या पंख्याला जाळं अडकलंय का म्हणून चिखलात बुडी मारून पाहिलं. कुठेच काही सापडेना.

एरवी हे चाललं असतं, पण चैत्रात कळव्याच्या अलीकडच्या एका मिठागराच्या वस्तीत पटकी शिरली. तिथली विहीर खारट झाली होती आणि माणसं डबक्यातलं पाणी पीत होती. मालकाने सांगितलं, कल्याणहून गोड्या पाण्याची पिंपं पोचवा. पहिल्या खेपेला बोट अर्ध्या वाटेवर बसली, दुसऱ्या खेपेलाही तसंच. दोन्ही वेळा बांबूने रेटत परत आणावी लागली. दुसऱ्या खेपेच्या रात्री मला झोप आली नाही. डोळे मिटले की भावाचे कोरडे ओठ दिसायचे.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मी आणि बोट हाकणारा ढाकू तांडेल, शिवाय हिरूबाई नावाची एक म्हातारी आगरीण. तिची लेक त्या वस्तीत होती, म्हणून तिने हट्टाने पिंपांच्या मध्ये जागा करून घेतली होती. खाडीवर दाट धुकं होतं. दोन्ही काठ नाहीसे झालेले, तिवरांचे शेंडे तेवढे कुठेकुठे हवेत तरंगत होते. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं. आपण पुढे चाललोय की एका जागी झुलतोय तेही कळेना. डोंबिवली मागे पडली असेल-नसेल, आणि यंत्राचा दम सुटू लागला.

"मिस्त्री, भरती संपली," ढाकू म्हणाला. "ओहोटी लागली की चिखलात रुतू. मग संध्याकाळपर्यंत हलायचं नाव नको."

मी यंत्रापाशी नुसता बसून राहिलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या क्षणी मी प्रार्थना केली असं म्हणवत नाही. फक्त मनातल्या मनात म्हणालो, आता मला येत नाही. इतकंच.

तेवढ्यात पुढून म्हातारीचा आवाज आला, अगदी झोपेतल्यासारखा. "दोगी कांडतान, पन एकीचा घाव पुरा पडत नाय."

मला वाटलं, ती यंत्राचंच बोलतेय. मी यंत्राकडे कान दिला. भात कांडावं तसा दट्ट्याचा ठोका पडत होता, एक वर, एक खाली. आणि खरंच, एक ठोका भरीव होता, दुसरा पोकळ. इतके दिवस मी तो आवाज ऐकत होतो, पण कान देऊन ऐकला नव्हता.

वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने सोडणारी एक झडप असते, लोखंडी पेटीत बंद. यंत्रात एवढी एकच जागा मी उघडून पाहिली नव्हती, कारण ती मी दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता स्वतः बसवली होती. तिथे चूक असणार नाही अशी माझी खात्री होती.

"नांगर टाक," मी ढाकूला म्हणालो. वाफ बंद केली, पेटी उघडताना बोटं भाजली. आत झडपेचा नट दोन आटे मागे सरकलेला. यंत्र तापून हादरलं की तो ढिला व्हायचा, झडप एका अंगाला सरायची, आणि अर्धी ताकद वाया जायची; बंदरात यंत्र निवलं की झडप पुन्हा जागी बसायची. त्याला अडवायला दुसरा नट लावायचा असतो. तो मी लावलाच नव्हता. झडप जागेवर आणली, हत्यारांत पडलेला दुसरा नट त्यावर आवळला, पेटी मिटली. पाणी उतरायला लागलं होतं. वाफ सोडली आणि दोन्ही ठोके भरून पडू लागले.

वस्तीच्या बांधावर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. आधी सगळ्या प्यायल्या. त्या दुपारी एक म्हातारा गेला. त्याला आमचं पाणी उशिरा पोचलं, ते ओझं माझ्यावर आहे. पण हिरूबाईची लेक उठून बसली. त्यानंतर आमची एकही खेप चुकली नाही.

पंधरा दिवसांनी साथ ओसरली, तेव्हा मी नारळ आणि लुगडं घेऊन हिरूबाईकडे गेलो. म्हटलं, "आजी, तुम्ही यंत्राचा आजार ओळखलात."

ती तोंडाला पदर लावून हसली. "मी तुज्या बोटीचं कशाला बोलू रं? मना काय समजतंय त्यातलं? पल्यार पाड्यात बाया भात कांडीत व्हत्या, त्यांचं बोलले मी."

ढाकूला विचारलं, तर तो म्हणाला की तिवरांमागे एक पाडा आहे खरा. असेलही. मी तिथे जाऊन खात्री केली नाही. ते शब्द माझ्यासाठी नव्हते, तरी माझ्यापर्यंत पोचले, आणि पोचले ते मी हात टेकल्यावरच. यापलीकडे मला काही ठाऊक नाही, आणि आता ठाऊक करून घ्यायचंही नाही.

आजही एखादं यंत्र अडलं की जे मी स्वतः बसवलंय तेच आधी उघडतो. उघडण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटतो. मागत काहीच नाही, नुसता कान देतो.