पॉलिशवाल्याचे धुतलेले हात

लाकडी कपाटांना पॉलिश मारणाऱ्या या गृहस्थाला सगळे कारागीर म्हणत आणि त्यालाही ते मनापासून पटे. तीस वर्षं त्यानं लोकांची कपाटं लखलखीत केली. स्वतःच्या नाकाला मात्र कधी कामाला लावलं नाही. आता चार महिन्यांच्या नातीला घ्यायला हात पुढे केला, की ती भोकाड पसरी. सून म्हणे, "बाबा, हातांना वास येतोय, आधी धुऊन या ना."

धुतलेच होते की! कारागीर इरेला पेटला. मग फुकटच्या सल्ल्यांना काय तोटा? शेजारच्या मास्तरांनी आयुष्यात खडूखेरीज कशाला हात लावला नव्हता. त्यांनी लिंबू चोळायला सांगितलं. भेगाळलेल्या तळव्यांवर लिंबू पडलं आणि कारागीर घरभर नाचला. कॉफीची पूड झाली, टूथपेस्ट झाली. मेहुण्याच्या सांगण्यावरून अर्धा तास नळाखाली स्टीलचा चमचा चोळला. चमचा तेवढा स्वच्छ निघाला. शेवटी अत्तर लावलं, तेव्हा नात तर रडलीच, पण बायकोही उठून खिडकीत जाऊन उभी राहिली.

एके दिवशी हा शहाणा डबा घरीच विसरला. सून डबा घेऊन दुकानात आली, तर हा जेवणाआधी हात धूत होता. साबण दोनदा लावला. मग वाटीत पॉलिश पातळ करायचा उग्र वासाचा थिनर ओतून तो कोपरापर्यंत चोळला, नखंसुद्धा सोडली नाहीत.

"अहो बाबा, हे काय?"

"नुसत्या साबणानं पॉलिश निघत नाही गं."

"घरी येतानाही असंच करता?"

"म्हणजे काय! तुझ्या लेकीसाठी हल्ली दोनदा करतो."

सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. "थिनर बंद! आधी खायचं तेल चोळा, मग साबण लावा."

आठवडाभरात नात त्याच्या मांडीवर निवांत पडून त्याचं बोट ओढू लागली. बायको म्हणाली, "मला आपलं वाटायचं, तुमचा वासच तसा आहे."

कारागीर हसला आणि हसता हसता त्याला आठवलं. त्याचा मुलगाही लहानपणी कडेवर घेतला की असाच किंचाळून तोंड फिरवायचा. पोरगं आईवेडं आहे, असं ठरवून यानं त्याला उचलायचंच सोडून दिलं होतं. मुलगा समोरच पेपर वाचत बसला होता. त्याला जवळ घ्यावं असं कारागिराला फार वाटलं. पण सत्तावीस वर्षांच्या बाप्याला आता काय उचलून घेणार?