पाटलाची लेक आणि लॉर्डाची आजी

माझे वडील पळसदरीजवळच्या एका गावचे पाटील, आणि त्यांना मी एकुलती एक. त्यांच्यामागे पाटीलकी चुलतकाकांच्या मुलाकडे जाणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं. तो मुलगा मठ्ठ होता. हे मी आजही रागाने लिहिते आहे.

इंग्रज अजून गेले नव्हते. कर्जतला रेल्वेत एक स्कॉटिश इंजिनियर होता. रविवारी तो आमच्याकडच्या तळ्यावर गळ टाकून बसे, मासा मिळत नसे, मग आमच्या ओटीवर भाकरी खाऊन परत जाई. एकदा त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, की तिकडे त्याची म्हातारी आजी वारली आणि आता तो लॉर्ड झाला.

वडिलांनी आधी सांत्वन केलं, मग चौकशी. किती गावं? एकही नाही. पोळ्याला पहिला बैल तुमचा? पोळाच नाही. जमीन? मेंढ्या चरतात असा एक डोंगर आणि गळकं घर. ही असली कोरडी पाटीलकी ऐकून वडिलांना त्याची दया आली. आईला त्यांनी आणखी एक भाकरी वाढायला सांगितलं.

पण आजीकडे ही पाटीलकी आली कशी? तिच्या बापाकडून, साहेब म्हणाला. त्याला मुलगा नव्हता. स्कॉटलंडच्या जुन्या घराण्यांत चालतं हे. इंग्लंडात बहुधा चालत नाही, हे सांगताना मात्र त्याने तोंड असं वाकडं केलं, की तोही भाऊबंदकीतलाच माणूस वाटला.

वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला. लॉर्डाच्या घरचा दाखला म्हणजे सरकारचाच हुकूम, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. साहेबाकडून तसं लिहून घेतलं, त्याला माझ्या नावाचा अर्ज जोडला, ठेवणीतला कोट चढवला आणि वारस दाखवायला मला घेऊन बैलगाडीने खालापूरची कचेरी गाठली. मी अकरा वर्षांची, नाकात नवी चमकी.

कारकून चिठ्ठी वाचून इतका हसला, की त्याला पाणी प्यावं लागलं. भाऊबंद हयात असताना मुलीला पाटीलकी नाही, कायदा तसा आहे, असं तो म्हणाला.

"कायदा कुनी केला?" वडिलांनी विचारलं.

"सरकारने. साहेबलोकांनी."

"मंग सोताच्या घरच्या पोरी ठिवल्या, नि आमच्याच तेवड्या गाळल्या व्हय?"

कारकून हसायचा थांबला. अर्ज मात्र त्याने परत केला.

त्या वर्षी शिमग्याला होळीपुढे काकांनी मुलाला नवा फेटा बांधून उभा केला होता. आमच्याकडे होळी पाटलाने पेटवायची आणि पहिली बोंबही त्यानेच मारायची. बायका लांब उभ्या राहायच्या. वडिलांनी पेटती चूड माझ्या हातात दिली. आई घाबरून मला मागे ओढू लागली. काका पुढे सरसावले.

"कागद तुज्या पोराचा," वडील त्यांना म्हणाले. "मी हाय तवर होळी माज्या पोरीची. पेटव गं."

मी पेटवली. मग तोंडावर हात नेला आणि तो कारकून, तो कायदा, तो फेटा, सगळ्यांच्या नावाने बोंब मारली. पुरुषांपैकी कुणी साथ देईना, आणि माझा दम संपत आला. तेव्हा मागून, बायकांतून, माझ्या आईची बोंब आली.